मांडी घालून बसणाऱ्याचं पेडल

पायाने दाबायचं यंत्र मी एकदा अशा माणसाला घ्यायला लावलं, जो मांडी घालून वाजवतो. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा तो तिरुवैयारुच्या मंडपात स्टेजवर बसला होता, पहिला सूर वाजायचाच बाकी होता, आणि मी मिक्सरच्या मागे हेडफोन लावून शहाण्यासारखा चेहरा करून बसले होते.

चूक अज्ञानाने झाली असती तर मी ती लिहिली नसती. ती मत्सराने झाली.

आधी माझं काम सांगते. तंजावुरात जुन्या बसस्टँडजवळ आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं वर्कशॉप होतं. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, काही वर्षं पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये काढली, मग स्वतःचं सुरू केलं. ॲम्प्लिफायर, मिक्सर, कीबोर्ड, देवळाचे माईक, चर्चचे माईक, लग्नातल्या ऑर्केस्ट्राची सगळी पेटारी माझ्याकडे यायची. नुसती दुरुस्ती नाही. नवीन काही घ्यायचं झालं की लोक आधी मला विचारायचे. ‘बाईअम्मांना विचारलं का?’ हे वाक्य या गावात चालायचं. मला ते फार आवडायचं. इतकं, की ते कुणी म्हटलं नाही तर तो दिवस मला आळणी लागायचा.

ही गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. तेव्हा मी पंचावन्नची होते. अक्कल यायला एवढी वर्षं पुरायला हवी होती. काहींना पुरत नाहीत.

सेल्वी माझ्याकडे तीन वर्षं सोल्डरिंग शिकली. हुशार, कमी बोलणारी, हात स्थिर. मग तिने मेडिकल कॉलेज रोडला स्वतःचं दुकान काढलं. उद्घाटनाला मी गेले, आशीर्वाद दिला, शिऱ्यासारखी गोड केसरी खाल्ली. त्यानंतर तीन महिन्यांत चर्चचा कीबोर्ड तिच्याकडे गेला. मग नागस्वरवाल्यांचे माईक. मग एक अख्खा ऑर्केस्ट्रा.

मी काय केलं ते सांगते. मंगळवारी भाजीला जाताना मी रिक्षावाल्याला उगाच मेडिकल कॉलेज रोडने न्यायला सांगायचे. तिच्या दारात किती स्कूटर लागल्यात ते बघायचं म्हणून. चार दिसल्या तर घरी येऊन भांडी आपटायचे. एकही नसली तर दुकान बंद आहे का ते बघायला परत फिरून यायचे. तिने दुरुस्त केलेला एखादा ॲम्प पुढे कधी माझ्याकडे आलाच, तर आधी भिंग घेऊन तिचे जॉइंट तपासायचे. एक तरी कच्चा निघावा म्हणून. एकही निघाला नाही. मोत्यांसारखे चकचकीत. याचा मला किती राग आला असेल. शिकवलं मीच होतं ना.

अशा दिवसांत रविचंद्रन आला.

रविचंद्रन पापनाशमला तालुका ऑफिसात क्लार्क. चाळिशी ओलांडलेला. दिवसा सातबारासारखे कागद शोधायचे आणि संध्याकाळी इलेक्ट्रिक गिटारवर कर्नाटक संगीत वाजवायचं. तिरुवैयारुच्या एका म्हाताऱ्या व्हायोलिन शिक्षकाकडे तो अठरा वर्षं शिकत होता. पण स्टेज कुणी देत नव्हतं. इलेक्ट्रिक गिटार म्हटलं की सभांचे, म्हणजे इथल्या संगीत मंडळांचे, सेक्रेटरी चहा पाजून परत पाठवायचे.

त्या वर्षी एका छोट्या सभेने त्याला तिरुवैयारुच्या मंडपात दुपारची पंचवीस मिनिटं दिली. सेक्रेटरी म्हणाले होते, कमिटीला आवडलं तर पुढच्या महिन्यात संध्याकाळची दीड तासाची बैठक. नाही आवडलं तर आमच्या स्टेजवर परत विजेची गिटार चढणार नाही, तुझीही नाही आणि दुसऱ्या कुणाचीही नाही.

तर त्याचं सगळं त्या पंचवीस मिनिटांवर होतं.

त्याची अडचण अशी. वीणेची तार छेडली की सूर मागे रेंगाळतो. त्याच्या गिटारचा सूर चटकन विझायचा. दोन सुरांच्या मध्ये खड्डा पडायचा. त्यावर इलाज म्हणजे डिले पेडल. हे गिटार आणि ॲम्पच्या मध्ये जोडायचं एक लहानसं लोखंडी खोकं. तुम्ही वाजवलेला सूर ते साठवतं आणि थोड्या वेळाने परत सोडतं, विहिरीत हाक मारल्यासारखं. त्यावर तीन मुख्य खुंट्या असतात. किती वेळाने परत सोडायचं, किती वेळा सोडायचं, आणि किती मोठ्याने.

त्यात दोन जाती. ॲनालॉगमध्ये सूर आतल्या चिपच्या एका घरातून दुसऱ्या घरात असा पुढे पुढे सरकवला जातो, आग विझवताना माणसं हातोहात बादल्या देतात तसा. प्रत्येक हाताला थोडं पाणी सांडतं. म्हणून परत आलेला सूर मळलेला, मऊ असतो. डिजिटलमध्ये सूर आकड्यांत लिहून ठेवतात आणि जसाच्या तसा परत सोडतात. एक थेंब सांडत नाही.

रविचंद्रनने पिशवीतून एक तपकिरी ॲनालॉग पेडल काढून माझ्या टेबलावर ठेवलं.

“हे कुठलं?” मी विचारलं.

“सेल्वीने वाजवून बघायला दिलंय, अक्का. ती म्हणते, घ्यायच्या आधी एकदा त्या मंडपात जाऊन वाजवून बघू. दगडी मंडप आहे, दगडाचा स्वतःचा घुमारा असतो, म्हणते.”

“मग तिलाच विचारायचं.”

“विचारलं. पण म्हटलं, बाईअम्मांना विचारल्याशिवाय कसं घ्यायचं?”

एरवी या वाक्याने मी फुलून गेले असते. पण त्या दिवशी मला आधीचं वाक्यच ऐकू येत राहिलं. ‘सेल्वी म्हणते.’ माझ्या खोलीत, माझ्या टेबलाशी, ‘सेल्वी म्हणते.’

“त्या मंडपात मी वीस वर्षं माईक लावतेय,” मी म्हटलं. “मला मंडप दाखवायला ती कोण?”

हे खरं होतं. फक्त मी तिथे माईक लावले होते ते भाषणांना आणि सत्कारांना. तिथे गिटार मी कधी ऐकली नव्हती. हे मी त्याला सांगितलं नाही. खरं म्हणजे स्वतःलाही सांगितलं नाही.

तपकिरी पेडल बरं आहे हे मला एका मिनिटात कळलं होतं. पण ते सेल्वीचं होतं. म्हणून मला दुसरं काहीतरी हवं होतं. जास्त खुंट्यांचं, जास्त दिव्यांचं, जे पाहून लोक म्हणतील की हे बाईअम्मांनाच सुचलं. दोन दिवस मी मोबाइलवर व्हिडिओ बघितले. गोरी पोरं वेड्यासारखी वाजवत होती. मी त्रिचीहून एक डिजिटल पेडल मागवलं. काळं, छोट्या स्क्रीनचं. त्यात टॅप टेम्पो होता. म्हणजे एक बटण पायाने तालात दोनदा दाबायचं, की परत येणारा सूर बरोबर तालाच्या मात्रेवर येतो. आठ मात्रांच्या आदी तालाला याहून छान काय असणार?

रविचंद्रनला वर्कशॉपमध्ये बोलावलं. उंच स्टुलावर बसवलं, कारण खाली स्पीकरच्या पेट्यांमुळे मांडी घालायला जागा नव्हती. त्याने उजव्या पायाच्या अंगठ्याने बटण दाबलं आणि वाजवायला लागला. आमचे राव, म्हणजे माझे यजमान, गणिताचे निवृत्त मास्तर, मांडीवर ताल धरून बसले. मी सांगते, काय सुंदर वाजत होतं. एक सूर जायचा, त्याची सावली नेमकी पुढच्या अर्ध्या मात्रेवर यायची. रविचंद्रनच्या डोळ्यांत पाणी आलं.

माझ्या त्या खोलीत जुन्या साड्यांचे तिपदरी पडदे होते, स्पीकरवर गोधड्या होत्या, कोपऱ्यात कापसाच्या गाद्या. त्या खोलीत शिंकलं तरी आवाज नाकाबाहेर जात नसे. अशा ठिकाणी कुठलंही डिले सुंदरच वाजतं. हे मी पॉलिटेक्निकमध्ये पोरांना शिकवलं आहे. फळ्यावर चित्र काढून.

“अक्का, एकदा मंडपात...” रविचंद्रन म्हणाला.

“गरज नाही.”

दुसऱ्या दिवशी सेल्वीचा फोन.

“अक्का, मंडपाची किल्ली मिळालीय. उद्या पाच वाजता. दोन्ही पेडल घेऊन या ना. आपण तिघं मिळून ऐकू.”

“उद्या माझ्याकडे पाहुणे आहेत.”

“मग परवा?”

“परवा पण आहेत.”

फोन ठेवला. राव पेपर वाचत होते. आमच्या घरात तंजावुरी मराठी बोलतात, त्यात ‘हवे’ला ‘होणा’ म्हणतात आणि ‘सगळं’ला ‘अस्कं’. ते पेपरातून मान न काढता म्हणाले, “तुज अस्कं ठाऊक. मग कान कसाला होणा?”

त्या उद्या आणि परवा आमच्याकडे कोणीही आलं नाही. मी डांगर पचडी केली आणि एकटीने खाल्ली. पाच वाजता मला वाटलं की जावं. तिरुवैयारु बसने अर्ध्या तासावर होतं. पण मी गेले असते आणि सेल्वीचं बरोबर निघालं असतं, तर मला ते माझ्या स्वतःच्या कानांनी ऐकावं लागलं असतं. त्यापेक्षा पचडी बरी. रविचंद्रनलाही मी जाऊ नको म्हणून सांगितलं होतं. तो गेला नाही. सरकारी माणूस, वरिष्ठांचं ऐकायची सवय. आणि तो गेला नाही म्हणून सेल्वीही गेली नाही. गिटारशिवाय तिथे ऐकणार काय?

कार्यक्रमाच्या दिवशी आमच्या आधी एका गायिकेची बैठक होती. ती वीस मिनिटं लांबली. साउंडचेकला मला पाच मिनिटंही मिळाली नाहीत. मंडपात माणसं बसलेली, मधे जायला वाट नाही. रविचंद्रन जिन्यावरून वर चढला, सतरंजीवर बसला, मांडी घातली, गिटार मांडीवर घेतली. काळं पेडल त्याच्या उजव्या गुडघ्यापाशी ठेवलं.

उजव्या गुडघ्यापाशी.

तेव्हा मला कळलं. कर्नाटक संगीताचा वादक स्टेजवर खुर्चीत बसत नाही. हे तंजावुरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी जन्मले इथे, वाढले इथे, आणि यंत्र निवडलं ते उभं राहून वाजवणाऱ्यांचं. त्याचे दोन्ही हात गिटारवर, दोन्ही पाय मांडीत. बटण दाबणार कशाने?

सुरू करण्यापूर्वी त्याने हाताने दोनदा बटण दाबून ताल दिला. हसला. मला वाटलं, निभेल.

पहिली दोन आवर्तनं निभलं. मग साथीच्या मृदंगवाल्यांनी वर्णम, म्हणजे सुरुवातीला वाजवायची बांधीव रचना, जरा पुढे सरकवलं. माणूस वाजवतो तेव्हा लय थोडी चढते, त्यात जिवंतपणा असतो. पेडलला ते कसं कळावं? ते बिचारं पहिल्या लयीलाच धरून बसलं. त्याचा सूर मात्रेच्या मागे पडायला लागला. त्यात या संगीतात सूर सरळ उभा राहत नाही, डोलतो. त्याला गमक म्हणतात. एक सूर डोलतोय, मागून त्याची हुबेहूब नक्कल डोलतेय, एक थेंब न सांडता. त्यावर दगडी खांबांनी दोघांनाही परत पाठवलं. एका माणसाची चार माणसं झाली, आणि चारही भांडायला लागली.

मृदंगवाल्यांनी मान वळवून मागे पाहिलं. आणखी कोण वाजवतंय ते.

पहिल्या रांगेत दोन म्हातारे मांडीवर ताल धरून होते. इथे रसिक तसेच ऐकतात. थोड्या वेळाने एकाचा हात खाली यायचा तेव्हा दुसऱ्याचा वर जायचा. दोघांनी एकमेकांकडे रागाने बघितलं. सेक्रेटरींनी घड्याळ बघितलं.

मी मिक्सरवर ट्रेबल खाली ओढलं, बेस खाली ओढला. काही उपयोग नाही. पेडल ॲम्पच्या आधी होतं. माझ्याकडे सूर येत होता तो गोंधळ कालवूनच येत होता. एकच उपाय होता. उठायचं, स्टेजपाशी जायचं आणि ते बंद करायचं. दहा पावलं.

सेल्वी चौथ्या रांगेत बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि हाताने हळूच दाबल्यासारखं केलं. बंद करा, अक्का. मी तिच्यावरून नजर काढली आणि मिक्सरची एक खुंटी उगाच फिरवली, जिला काही जोडलेलंच नव्हतं.

वर्णम संपलं. टाळ्या पडल्या त्या मोजून पडाव्यात तशा. रविचंद्रनने माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. विचारत होता, अक्का, काय करू? त्याची अठरा वर्षं त्या नजरेत होती. आणि मी, जिला आज मी कानाला धरून उभं केलं असतं त्या बाईने, मान हलवली. चालू ठेव.

कारण आत्ता बंद केलं तर सेल्वीला दिसणार होतं.

त्याने आलाप सुरू केला. तेवढ्यात सेल्वी उठली. भिंतीच्या कडेने, अनवाणी, हातात पाण्याचं फुलपात्र घेऊन स्टेजपाशी गेली. वाकली. फुलपात्र रविचंद्रनच्या उजव्या गुडघ्यापाशी ठेवलं. पदर सावरला आणि परत आली. मंडपातल्या सगळ्यांना वाटलं, वादकाला पाणी ठेवलं. पेडलचा लाल दिवा गेलेला फक्त तिघांना दिसला. त्याला, तिला आणि मला.

आणि मग तो मंडप वाजायला लागला. कोरडा सूर, जो माझ्या खोलीत खड्ड्यात पडायचा, तो दगडाने उचलून धरला. अगदी थोडा वेळ. वीणेइतका. सुरामागून सूर विझायचा तो मऊ होत विझायचा. त्याला कुठल्याही पेडलची गरज नव्हती, निदान तिथे नव्हती. आलाप संपून ताल सुरू झाला तेव्हा दोन्ही म्हाताऱ्यांचे हात एकदम खाली आले.

मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या मनात काय आलं सांगू? मला ते फुलपात्र सुचलं नाही याचा मत्सर वाटला.

सेक्रेटरी शेवटी माझ्याकडे आले. “बाईअम्मा, पहिली दहा मिनिटं मला काही कळलं नाही. नंतरचं मी पुन्हा ऐकेन. पण संध्याकाळची बैठक या वर्षी नाही. कमिटीतले दोघे उठून गेले होते. पुढच्या वर्षी दुपारीच बसू दे त्याला. ते खोकं न आणता.”

म्हणजे दार बंद झालं नाही, पण त्याचं एक वर्ष गेलं. ते माझ्यामुळे गेलं. रविचंद्रन खाली बसून केबल गुंडाळत होता. कोपरापासून अंगठ्यापर्यंत, सारखे वेढे, एकही पीळ नाही.

“अक्का,” तो म्हणाला, “या मंडपात तुम्ही गिटार कधी ऐकली होती का?”

“नाही.”

“मग वीस वर्षं?”

“भाषणं होती.”

त्याने मान डोलावली. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. पुढच्या वर्षी तो तिथे दुपारी बसला, त्यानंतरच्या वर्षी संध्याकाळी. आता तो पडदे-गालिचेवाल्या हॉलमध्ये ते तपकिरी पेडल वापरतो, वेळ अगदी कमी ठेवून, आणि दगडी मंडपात काहीच वापरत नाही. पेडल एका लाकडी पाटावर बसवलंय, हाताला येईल असं. पाट मी करून दिला. तेवढंच.

कुणी मला आता डिले कुठलं घ्यावं विचारलं, तर मी ब्रँड सांगत नाही. दोन प्रश्न विचारते. बसणार कसे? वाजवणार कुठे? ही उत्तरं घेऊन मग दुकानात जा, आणि पेडल उसनं मिळत असेल तर त्या जागी नेऊन वाजवा. खोक्यावर काय लिहिलंय ते वाचायला चष्मा पुरतो.

त्या कार्यक्रमानंतर आठव्या दिवशी मी रिक्षा मेडिकल कॉलेज रोडला थांबवली. उद्घाटनानंतर पहिल्यांदा आत गेले. दारात पाच स्कूटर होत्या. मी मोजल्या, सवयीने. सेल्वी एका मिक्सरचं पोट उघडून बसली होती. रविचंद्रनकडून परत घेतलेलं काळं पेडल मी तिच्या टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, “तुझं बरोबर होतं. तुला आधीच ठाऊक होतं आणि मी ऐकलं नाही.” एवढं बोलायला मला आठ दिवस लागले होते.

तिने सोल्डरिंग आयर्न स्टँडवर ठेवलं, स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाली, “मला कुठं काय ठाऊक होतं, अक्का? कुठलं घ्यावं ते कळेना, म्हणूनच मंडपात जाऊन ऐकू म्हटलं. आणि एकटीनं ऐकून कळलं नसतं, म्हणून तुम्हाला फोन केला होता.”